निरोगी माणसाची दुसरी रेघ

विजू,

तू गेल्यावर पंधराव्या दिवशी मी तुझं रक्त तपासलं.

दिवसकार्य आटोपलं होतं. पाहुणे आपापल्या गावी परतले होते. मी बुऱ्हाणपूरच्या लालबाग भागात येऊन माझ्या लॅबचं शटर अर्धंच वर केलं, म्हणजे कुणी पेशंट आत येणार नाही. सकाळचे अकरा वाजले असतील. फ्रीजरच्या खालच्या खणात तुझा निळा डबा बर्फात चिकटून बसला होता. चमच्याच्या दांड्यानं बर्फ खरवडून तो बाहेर काढला. आत बोटाच्या पेराएवढ्या नळ्या, आणि प्रत्येकीवर तुझ्या अक्षरात एकच शब्द. मी-१, मी-२, असं करत मी-११ पर्यंत.

गावातल्या लोकांच्या नळ्यांत तुझी नळी मिसळू नये म्हणून तू तसं लिहायचास, हे मला ठाऊक होतं. तू लिहीत असताना मीच हसले होते, ‘अरे, नाव तरी लिही.’ त्या दिवशी मात्र डबा उघडला आणि अकरा नळ्या एकदम माझ्याकडे बघून ‘मी’ म्हणाल्यासारखं झालं. मी डबा बंद केला. पाणी प्यायले. मग पुन्हा उघडला.

मी-११ ही शेवटची. तू जायच्या अगोदरच्याच आठवड्यातली. ती मुठीत धरून बसले. गोठलेलं रक्त हळूहळू वितळत होतं आणि माझा तळवा गार पडत होता. एवढा वेळ तुझा हात मी कधी धरला असेल, मला आठवेना.

तू बनवलेल्या मलेरियाच्या पट्टीवर एक थेंब टाकला, वर औषधाचे दोन थेंब, आणि घड्याळ लावलं. मागच्या गल्लीत पॉवरलूम चालू होते. पहिली रेघ आली, ती येणारच. पट्टी ठीक आहे एवढंच ती सांगते. दुसऱ्या रेघेच्या जागी पांढरं होतं. मी घड्याळाकडे बघितलं आणि परत पट्टीकडे बघितलं, तर तिथं काहीतरी होतं. फिकट, तिरकं धरलं तरच दिसणारं. कुणी कागदाच्या मागून नख ओढावं तसं.

तू ह्या जगात नव्हतास, आणि तुझं रक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होतं.

हाच प्रश्न तू मला हिवाळ्यात विचारला होतास, विजू. तेव्हा मी तुला चुकीचं उत्तर दिलं.

तुझ्या-माझ्यात नऊ वर्षांचं अंतर. मी डिप्लोमा करून ही छोटी लॅब उघडली तेव्हा तू शाळेत होतास. शेतावरून आईबरोबर बाजाराला आलास की माझ्याकडे येऊन बसायचास. एकदा मी तुला सूक्ष्मदर्शकात मलेरिया दाखवला. बराच वेळ डोळा लावून तू म्हणालास, ‘ताई, त्यानं अंगठी घातलीय.’ मी लोकांना सांगत फिरले, आमच्या विजूनं पहिल्याच फटक्यात जंतूची रिंग ओळखली. बी.एस्सी., मग पुणे, मग ती पीएच.डी., सगळं त्या अंगठीमागे गेलं असं मी मानत आले. तुझ्या यशात माझा वाटा आहे, हे सांगायला मला आवडायचं. आज ते वाक्य माझ्या तोंडात कडू लागतं.

पुण्याहून तू पहिल्यांदा ॲप्टामर हा शब्द घेऊन आलास तेव्हा मी म्हटलं, ‘हे कुठलं नवीन खूळ?’ तू खिडकीतून मागच्या गल्लीकडे बोट केलंस. कारखान्याच्या दाराशी तुटक्या धाग्यांचा ढीग पडला होता.

‘ते धागे बघ. असे करोडो धागे, प्रत्येकाचा पीळ वेगळा. कुणी बनवताना विचार केलेला नाही, कसेही बनवलेले. त्यांच्यापुढं मलेरियाच्या जंतूचं एक प्रथिन ठेवायचं. जो धागा त्याला चिकटला तो ठेवायचा, बाकीचे धुऊन टाकायचे. चिकटलेल्याच्या पुन्हा करोडो नकला करायच्या, पुन्हा धुवायचं. असं दहा-बारा वेळा. शेवटी जो उरतो ना, तो त्या एकट्यालाच धरतो. दुसऱ्या कुणाला हात लावत नाही.’

‘धागा म्हणजे कशाचा?’

‘डीएनएचा. यंत्रावर तयार केलेला. अँटिबॉडी करायला ससा लागतो, उंदीर लागतो, ती सांभाळायला थंडावा लागतो. ह्याला कुणी लागत नाही. आपल्या बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यात पण टिकेल.’

‘म्हणजे मेलेला धागा जिवंत जंतूला ओळखतो?’

‘मेलेला कसा? तो जिवंत कधी नव्हताच. तरी ओळखतो.’

तू सहज बोलून गेलास आणि चहाचा कप उचललास. जी वस्तू कधी श्वास घेत नव्हती तिला आपल्या आत कोण बसलंय ते कळतं, ही गोष्ट मला तेव्हाही बरी वाटली नव्हती. मी म्हणाले, ‘मी आपली माझ्या डोळ्यावर विश्वास ठेवीन.’

‘ठेव ना,’ तू म्हणालास. ‘मी पण तुझ्याच डोळ्यावर ठेवतो.’

ते तू खरं करून दाखवलंस. तेच तर.

दोन वर्षांपूर्वी पट्टी तपासायला तू खकनारच्या पुढच्या त्या टेकडीखालच्या गावात जायला लागलास. पहिल्याच पावसाळ्यात तुला थंडी-ताप आला. मीच स्लाइड केली, मीच सांगितलं, व्हायवॅक्स आहे. हा मलेरियातला साधा समजला जाणारा प्रकार, पण कावेबाज. ताप उतरला तरी ह्याचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. कधी आठवडे, कधी महिने. मग एकेक जण उठून रक्तात येतो. त्या झोपलेल्यांना मारायला चौदा दिवसांच्या वेगळ्या गोळ्या असतात. तू पाचव्या दिवशी मला फोन करून हसत म्हणालास, ‘ताई, पोटात जाळ होतो, बंद केल्या. आता ठणठणीत आहे.’

मी रागावले का? रागावले असं मला आठवायला आवडेल. खरं म्हणजे लॅबमध्ये गर्दी होती आणि मी ‘बरं, बघ’ म्हणाले.

त्यानंतर तुला पुन्हा ताप आला नाही. तू निरोगी होतास, आणि पट्टी तपासायला एका निरोगी माणसाचं रक्त नेहमी हाताशी लागतं. गावातल्या लोकांच्या पट्ट्या लावताना एक पट्टी निरोगी रक्ताची. तिच्यावर दुसरी रेघ यायला नको. आली तर पट्टी खोटी बोलते असं समजायचं. तू स्वतःचंच रक्त वापरायला लागलास. ‘कुणाला कशाला टोचायचं?’ म्हणालास.

ह्या हिवाळ्यात तू दुपारचा लॅबमध्ये आलास. चेहरा उतरलेला. मीच तुला पोहे दिले, तू खाल्ले नाहीस. आठवतं तुला?

‘ताई, माझ्या पट्टीवर दुसरी रेघ येतेय.’

‘किती गडद?’

‘अगदी फिकट. मी आधी म्हटलं डोळ्यांचा भास आहे. पण तीनदा आली.’

मी लगेच तुझं बोट टोचलं. स्लाइड केली, रंगवली, बसले. काच सरकवत शंभर फील्ड, म्हणजे भिंगाखाली एका वेळी दिसणारे शंभर गोल, पाहिली, काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. काहीच नाही. तिन्ही स्लाइडवर मी निगेटिव्ह लिहून सही केली. तू टेबलाच्या कडेला उभा होतास. तुझा एक हात सारखा डाव्या बरगडीखाली जात होता. तो मला दिसत होता, आणि दिसत नव्हता.

‘पट्टी चुकतेय म्हणायचं?’ तू विचारलंस.

‘तुझा धागा भुतं बघतोय,’ मी म्हणाले.

तू हसलास. मी पण हसले. ह्या वाक्यावर आपण दोघं हसलो, विजू. ते हसणं मला आता दिवसातून कधीही ऐकू येतं, कुकरच्या शिट्टीमध्येसुद्धा.

तू मग खूप भांडलास, पण माझ्याशी नाही, त्या पट्टीशी. कारण गावातल्या बऱ्याच लोकांच्या पट्टीवर तशीच फिकट रेघ येत होती. ताप नाही, अशक्तपणा नाही, शेतावर कामाला जाणारी माणसं, आणि प्रत्येकाच्या रक्तात कागदामागून नख ओढल्यासारखी रेघ. तुझ्यातही तीच. तू हिशेब सरळ मांडलास: मी निरोगी, तरी रेघ येते, म्हणजे धागा चुकीच्या गोष्टीला चिकटतोय, म्हणजे गावातल्या रेघासुद्धा खोट्या. तुझा हिशेब बरोबर होता. त्यातली पहिली ओळ मी भरून दिली होती.

त्याच दिवसांत आपलं दुसरं भांडण चालू होतं. ते तर अर्धंच राहिलं. तुला असा धागा बनवायचा होता जो नुसता ओळखणार नाही, औषध पाठीवर घेऊन थेट यकृतातल्या झोपलेल्या जंतूपर्यंत जाईल. मी म्हणायचे, ‘रक्तात गेल्या गेल्या तुझ्या धाग्याचे तुकडे होतील. आणि जो झोपलाय तो बाहेर काही खूण तरी कुठं ठेवतो? पकडणार कशाला?’ तू म्हणायचास, ‘झोपलेला माणूससुद्धा श्वास घेतो ताई. काहीतरी बाहेर टाकतच असेल.’ मी म्हणायचे, गोळ्या आहेत की. तू म्हणायचास, चौदा दिवस कोण खातं?

त्यावर मी काही बोलायला हवं होतं. तू स्वतःच तर उत्तर माझ्यापुढं ठेवलं होतंस. मी चष्मा पुसला आणि पुढची स्लाइड घेतली.

मग तो रविवार. तू शेतावर गेलास. केळीच्या घडांना बांबूचे टेकू लावायचं काम चालू होतं. ठिबकच्या नळीत पाय अडकून तू बांबूच्या टोकावर डाव्या कुशीवर पडलास. आई सांगते, तू उठलास, कपडे झटकलेस, आणि गड्यांबरोबर हसलास. खरचटलंसुद्धा नव्हतं. तासाभरानं तुझा मला फोन आला.

‘ताई, गंमत बघ. पडलो कुशीवर आणि दुखतोय खांदा. डावा.’

‘झटका बसला असेल. मलम लाव आणि पड जरा.’

‘आडवं झालं की जास्त दुखतं.’

‘मग बस.’

हे आपलं शेवटचं बोलणं. मग बस. मला नंतर कळलं की पोटात रक्त साचलं की आडवं झाल्यावर दुखणं डाव्या खांद्यात जातं. हे पुस्तकात असतं. मी रक्त तपासणारी बाई, मी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. शेजारच्यांच्या गाडीतून तुला बुऱ्हाणपूरला आणलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि तुझे ओठ केळीच्या आतल्या गाभ्यासारखे पांढरे होते. मी दवाखान्याच्या दारात होते. तू माझ्याकडे बघितलंस. ओळखलंस का, ते मला माहीत नाही.

सर्जन बाहेर आले ते मास्क न काढताच बोलले. ‘पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटली होती. फार मोठी झाली होती ती, एवढ्याशा धक्क्यानं फुटायला नको होती. ह्यांच्या अंगात मलेरिया होता का?’

आणि मी, विजू, तुझं प्रेत आत असताना, म्हणाले, ‘नाही. तीन स्लाइड निगेटिव्ह आहेत.’

पंधराव्या दिवशी ती रेघ बघितल्यावर मी पहिल्यांदा काय केलं सांगू? दुसरी पट्टी घेतली. मग तिसरी. मी-१०, मी-९. तुझा डबा उलटा मागे जात होता, आणि प्रत्येक नळी तेच सांगत होती. मी-२ वर मात्र रेघ नव्हती, मी-१ वरही नव्हती. म्हणजे तू मधेच कुठंतरी बदलला होतास. तू खकनारच्या रस्त्यावर बसमध्ये होतास, माझ्याकडे पोहे नाकारत होतास, आईला पाणी भरून देत होतास, आणि आत एकेक जण उठत होता.

मी तुझ्या जुन्या स्लाइड काढल्या. मी सही केलेल्या तिन्ही. तेल टाकून पहिलीपासून परत बसले. शंभर फील्ड झाली. दोनशे झाली. डोळ्यात पाणी यायला लागलं की थांबायचे, पुसायचे, परत बसायचे. असं बघत राहिलं की डोळ्यांना काहीही दिसायला लागतं; प्रत्येक पेशीत कुणीतरी बसलंय आणि आपण बघितलं की सरकतंय असं वाटतं. मी दोनदा उठून रस्त्यावर जाऊन आले. ऑटोवाले ‘दीदी, सब ठीक?’ विचारत होते. दुसऱ्या स्लाइडच्या कडेला, जिथं मी हिवाळ्यात पोहोचलेच नव्हते, एक पेशी इतरांपेक्षा फुगलेली होती. आत बारीक ठिपके. आणि अंगठी.

एकच. पण एकच पुरतो. त्या काचेच्या कोपऱ्यात माझी सही होती.

पुण्याला तुझ्या पीएच.डी.च्या मॅडमना फोन केला. मी रडेन म्हणून आधी कागदावर लिहून घेतलं होतं, तेच वाचलं. त्या म्हणाल्या, ‘नळ्या पाठवा. थंड पेटीत.’ त्यांनी पीसीआर केली. त्यात जंतूचा तुकडा असला तरी सापडतो. चौथ्या दिवशी त्यांचाच फोन आला. व्हायवॅक्स. मी-३ पासून पुढच्या प्रत्येक नळीत.

‘असं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘रक्तात मोजके असतात आणि पानथरीत दडून बसतात ढिगानं. माणूस चालता-फिरता असतो. त्याचा धागा बरोबर होता, ताई. अगदी बरोबर होता. आणि त्यानं स्वतःच मला लिहून पाठवलं, की बॅच सदोष आहे, फिकट रेघांची नावं रद्द करा.’

मग त्यांचा आवाज बदलला. ‘ती यादी आहे का तुमच्याकडे?’

यादी तुझ्या बॅगेत होती. शोधताना आतल्या कप्प्यात गोळ्यांचं एक जुनं पाकीट हाताला लागलं. पाच खाचा रिकाम्या, बाकीच्या गोळ्या तशाच. दोन वर्षं तू त्या घेऊन फिरत होतास. फेकल्या का नाहीस? कधीतरी पुन्हा सुरू करू असं वाटत होतं का? हे तुला विचारायचं राहिलं. अशी बरीच यादी आहे.

खकनारची बस मी एकटीनंच धरली. पुढं तीन किलोमीटर चालले. गाव तू वर्णन करायचास तसंच, टेकडीला टेकून बसलेलं, विहिरीवर दगडी हौद, आणि हौदात हिरवं पाणी थरथरत असलेलं. वारा नव्हता. मी जवळ जाऊन बघितलं तेव्हा कळलं, पाण्यात डासांच्या अळ्या होत्या, एवढ्या दाट की पाणी स्वतःच श्वास घेतंय असं वाटत होतं.

यादीत पहिलं नाव सुगनबाईचं. माझ्याएवढीच असेल. दारात मूग निवडत होती. मी तुझी बहीण म्हटल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मला खाटेवर बसवलं. तू गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला.

‘भैया आया था बताने कि मशीन खराब है,’ ती म्हणाली. ‘सब लोग डर गए थे ना, कि खून में क्या है। तो भैया ने अपनी उँगली में सुई लगाई, सबके सामने। बोला, देखो, मेरे खून में भी वही लकीर आती है। मैं तो भला-चंगा हूँ। तुम भी भले-चंगे हो। घबराओ मत।’

मला त्या खाटेवर बसवेना. माझ्या डोळ्यांपुढं ते सगळं दिसत होतं: उन्हातलं अंगण, गोल करून बसलेली माणसं, आणि मधे तू, तुझ्या आतल्या गोष्टीचा पुरावा हातात धरून, तो पुरावा नाही असं सगळ्यांना हसून सांगणारा. तू त्यांना खोटं सांगितलं नाहीस. तुला जे खरं वाटत होतं ते सांगितलंस. ते तुला मी सांगितलं होतं.

‘मशीन खराब नहीं थी, सुगनबाई,’ मी म्हणाले. ‘मेरी आँख चूक गई।’

तिनं विचारलं, ‘तो जो मेरे अंदर है, वो अभी है?’

‘देखना पड़ेगा।’

तिनं स्वतःच्या पोटाकडे बघितलं. कुणी न विचारता घरात येऊन बसलेल्या माणसाकडे बघावं तसं.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण आहेत, कमी बोलतात. त्यांनी स्पष्ट सांगितलं, संशोधनाच्या पट्टीवर औषध देता येणार नाही. पण माझ्या स्लाइडची गोष्ट ऐकली, मॅडमशी फोनवर बोलले, आणि दुसऱ्याच दिवशी यादीतल्या प्रत्येकाचं रक्त घेऊन पुढं तपासणीला पाठवलं. हौदात त्यांच्या माणसांनी औषध टाकलं. निकाल गेल्या आठवड्यात आले. सगळ्या नाहीत, पण तुझ्या फिकट रेघांपैकी बहुतेक खऱ्या निघाल्या. सुगनबाईची खरी निघाली. पोट तपासताना तिच्या दिराची वाढलेली पानथरी डॉक्टरांच्या हाताला लागली. त्याला आता झाडावर चढायचं नाही, ओझं उचलायचं नाही, असं बजावलंय. ज्यांची रेघ खरी निघाली त्या सगळ्यांना, गोळ्या सोसतील का हे बघणारी दुसरी एक रक्ततपासणी करून, चौदा दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. रोज एक बाई दारोदार जाते आणि समोर उभी राहून गोळी गिळायला लावते. मीच तसं डॉक्टरांकडे हट्टानं मागितलं. पोटात जाळ झाला तर काय खायचं तेही सांगून ठेवलंय.

हे सगळं तू केलंस, विजू. तू चुकीचे म्हणून रद्द केलेल्या कागदांनी केलं. मॅडम म्हणतात, पुढचं काम थांबणार नाही, झोपलेल्यांवरचं सुद्धा. ‘झोपलेला माणूससुद्धा श्वास घेतो’ हे तुझं वाक्य मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. त्या भांडणात मी हरले तर मला आनंद होईल, एवढं तुला सांगून ठेवते.

आता एकच राहिलं होतं. आईला सांगायचं.

तिला एवढंच माहीत होतं की तू पडलास आणि आतून लागलं. रोज ती त्या बांबूला शिव्या द्यायची; तो बांबू तिनं चुलीत घातला. मी परवा दुपारी शेतावर गेले. आई स्वयंपाकघरात होती. मी उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं, गोळ्या, पट्टी, तीन स्लाइड, माझी सही. भुतं बघतोय हे वाक्यसुद्धा. काही लपवलं नाही. ती मला मारेल असं वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती भिंतीकडे बघत म्हणाली, ‘सुमन, मले त्यानं सांगितलं व्हतं.’

‘काय?’

‘म्हने, आई, डाव्या कुशीत भरल्यासारखं वाटते. कोनी आत बसून राह्यलं असं वाटते. चार घास खाल्ले की पोट भरते.’ तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. ‘दोन-तीन बार सांगितलं. मी म्हटलं वात आहे, बाहेरचं खातो तू पुन्यात. ओवा देल्ला. गरम पान्यासोबत. तो बिचारा मुकाट्यानं खाये. मले म्हने, बरं वाटलं आई.’

‘आई, तुला कसं कळणार होतं?’

‘तुले कसं कळनार व्हतं?’ ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, माफीही नव्हती. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

आम्ही दोघी बसून राहिलो. बाहेर केळीची पानं एकमेकांवर घासत होती आणि कुणी बागेतून चालत घराकडे येतंय असा आवाज येत होता. तो आवाज आपण लहानपणापासून ऐकतो, वाऱ्याचा आहे हे आपल्याला माहीत आहे. तरी त्या दिवशी आम्ही दोघींनी एकदम दाराकडे बघितलं. आणि दोघींनीही एकमेकींना तसं बघताना पकडलं.

मग आई उठली. फडताळातून ओव्याची बरणी काढली, अंगणात गेली आणि ती पूर्ण मातीत रिकामी केली. चिमण्या उतरल्या, जवळ येऊन बघितलं, आणि एकही दाणा न टिपता उडून गेल्या. आईनं बरणी धुतली. उन्हात पालथी घातली. पदराला हात पुसत ती माझ्याजवळ आली आणि समोर उभी राहिली.

‘त्या बाया गोळ्या खातात का बराबर?’

‘खातात. रोज समोर उभं राहून देतात.’

‘आन् कोनाले पोटात जाळ झाला तं?’

‘सांगितलंय त्यांना. रिकाम्या पोटी घ्यायची नाही.’

तिनं मान हलवली.

‘उद्या जाशीन तं मले घेऊन चाल,’ ती म्हणाली. ‘मी भाकरी करून नेईन. खाल्ल्यावर देऊ.’

काल आम्ही दोघी गेलो, विजू. आईनं सुगनबाईच्या दारात बसून तिला पहिला घास स्वतः भरवला, मग गोळी दिली, आणि ती गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ‘जीभ दाखव,’ म्हणाली. सुगनबाईनं दाखवली.